पान किती आणे हिरवं? कोल्हापुरात कबऱ्या पानांची संथ झाडं

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या उत्तरेला, भिंत आणि कंपाउंडच्या मधे, साडेचार फुटी बोळ आहे. वर्षातले सहा-सात महिने तिथे थेट ऊन येत नाही. गुलाब लावले, ते उजेडाच्या ओढीने उंच होऊन आडवे पडले. शेवंतीने कळी धरली नाही. सावलीतल्या बागांचे फोटो पाहता पाहता एक दिवस होस्टा नजरेस पडला. पळसासारखं रुंद पान, मधोमध लोण्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा पट्टा, कडेने गर्द हिरवं. आपल्या बोळात हेच पाहिजे, असं वाटलं.

नर्सरीत अशा पानांना व्हेरिगेटेड म्हणतात. माझ्या सासूबाई गाईगुरांच्या घरातल्या, त्या 'कबरी पानं' म्हणतात. मला तो शब्द जवळचा वाटतो, म्हणून पुढे तोच वापरते. आठ वर्षांत या झाडांनी मला जे शिकवलं त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कबऱ्या झाडाचं पाणी, खत, कुंडी आणि ऊन त्याच्या उंचीवरून ठरवायचं नाही, पानात हिरवं किती आहे त्यावरून ठरवायचं.

होस्टा इथे का टिकत नाही

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. निकोलस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून १८१२ साली त्याचं नामकरण झालं. थंड प्रदेशातलं हे झाड हिवाळ्यात जमिनीवरचं सगळं टाकून देतं आणि मातीखालचा गड्डा झोपी जातो. ती झोप पुरी व्हायला साधारण ५ अंश किंवा त्याहून खालची थंडी निदान दीड महिना लागते. आपल्याकडे ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असतो. एखाद्या रात्री तो बराच खाली उतरला तरी तेवढ्याने भागत नाही. पन्हाळ्यावर आपल्याला हुडहुडी भरते, पण होस्टाला ती पुरत नाही.

एका विक्रेत्याकडून मी तीन गड्डे मागवले होते. कुठल्याही हवेत येतो, असं सांगून त्याने ते दिले. पहिल्या वर्षी प्रत्येकाला सहा-सात पानं आली. दुसऱ्या वर्षी तीन, तीही तळहातापेक्षा लहान. तिसऱ्या पावसाळ्यात कोंबच दिसला नाही म्हणून उकरून पाहिलं, तर गड्डा सुपारीएवढा उरला होता. झोप न मिळालेलं झाड साठवलेलं अन्न दरवर्षी थोडं थोडं खर्च करत जातं आणि भर पडत नाही.

तरीही कोणाला हौस पुरवायचीच असेल तर फ्रीजची वाट आहे. मी ती दोन वर्षं केली. डिसेंबर लागला की पाणी कमी करत न्यायचं. पानं पिवळी पडून सुकली की कापायची, गड्डा सोडवून माती झाडायची. किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून तो भाजीच्या कप्प्यात दोन-अडीच महिने ठेवायचा, फ्रीजरमध्ये नव्हे. फळं शेजारी नकोत. पंधरा दिवसांनी उघडून बुरशी आली नाही ना, हे बघायचं. फेब्रुवारीअखेर कुंडीत लावला की कोंब येतो, पण ती कोवळी पानं सरळ मार्च-एप्रिलच्या तोंडी सापडतात. माझ्या कुंडीतल्या पानांच्या कडा करपल्या, जूननंतर झाड जरा सावरलं. ज्यांना प्रयोग करायचाच आहे त्यांनी प्लँटाजिनिया या जातीपासून सुरुवात करावी. ती चीनकडची, पांढऱ्या सुवासिक फुलांची, आणि इतरांपेक्षा उष्णता जास्त सोसणारी आहे. तिचं पान मात्र साधं हिरवं असतं.

एक इशारा इथेच देऊन ठेवते. ऑनलाइन दुकानांत निळ्या-जांभळ्या होस्टाच्या बियांची पाकिटं दिसतात. कबऱ्या होस्टाच्या बियांतून बहुतेक रोपं साध्या पानांचीच निघतात. हे झाड गड्डा फोडूनच वाढवतात. मॉन्स्टेरा अल्बो या पांढऱ्या-हिरव्या पानांच्या वेलाच्या बियाही अशाच विकल्या जातात आणि तिथेही तीच गत आहे. या पैशांत गावातल्या नर्सरीतून दोन चांगली रोपं येतात.

बोळात काय लावलं

होस्टा शतावरीच्या कुळातला. निशिगंध, स्पायडर प्लांट, सफेद मुसळी आणि स्नेक प्लांट हे सगळे त्याचेच भाऊबंद. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' म्हणून भाजीला खातात, आणि आपल्या सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर याच कुळातली फोडशीची भाजी येते. हे कळल्यावर मला वाटलं की दूरचा पाहुणा राहत नसेल तर घरच्या हवेत रमणारे त्याचे नातेवाईक आणि शेजारी बघावेत.

माझ्या बोळात सध्या चार मुख्य झाडं आहेत. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, ज्याला नर्सरीवाले लॉरेन्टी म्हणतात. पांढऱ्या-रुपेरी पानांचा अग्लोनिमा. जाड, मेणचट पानांचा कबरा पेपेरोमिया. आणि टिनेके नावाचा रबर प्लांट, ज्याच्या पानावर हिरवा, राखाडी आणि दुधी रंग असे एकावर एक सांडल्यासारखे दिसतात. चारही संथ. नवीन माणसाने स्नेक प्लांट आणि अग्लोनिमापासून सुरुवात करावी. या दोघांना आपल्या चुका बऱ्यापैकी सोसतात.

होस्टाची ती झोपायची आणि जागं व्हायची लय ज्याला हवी आहे त्याने कॅलेडियम लावावा. बदामी आकाराची, पांढऱ्या शिरांची पानं. दिवाळीनंतर पानं आपोआप माना टाकतात, कंद मातीत झोपतो. त्याला बर्फ लागत नाही, नुसता कोरडेपणा पुरतो. कुंडी जिन्याखाली ठेवून द्यायची, पाणी थांबवायचं, आणि उन्हाळा तापू लागला की पुन्हा पाणी सुरू करायचं. नक्षीदार पानांची कॅलेथिया दिसायला फार सुंदर, पण मार्च ते मे आपल्याकडची कोरडी हवा तिच्या पानांच्या कडा जाळते. पहिल्या दोन वर्षांत तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

अग्लोनिमाचा चीक अंगाला खाजतो आणि पान तोंडात गेलं तर तोंड भाजल्यासारखं होतं. कॅलेडियमचंही तसंच. रांगतं मूल किंवा पान चावणारं मांजर घरात असेल तर या कुंड्या उंचावर.

आण्यांचा हिशेब

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, आणि झाड अन्न तयार करतं ते त्याच्याच जोरावर. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो भाग काही कमवत नाही, पण जगायला त्यालाही अन्न आणि पाणी लागतं. घरात खाणारी चार माणसं आणि कमावता एक, अशी ही स्थिती. म्हणून झाड संथ वाढतं. तो आजार नव्हे. शेजारच्या काकू दर महिन्याला विचारायच्या, "अगं, हे वाढंना झालंय की, जरा खत घाल की त्याला!" खत घालून कमावत्या माणसाची ताकद वाढत नाही, उलट मुळाशी क्षार साठतात आणि पांढऱ्या कडा आधी जळतात. माझे पहिले दोन पेपेरोमिया मी अशाच मायेने मारले.

मी पान हातात घेऊन अंदाज करते की सोळा आण्यांच्या रुपयातले किती आणे हिरवं आहे. झाडाची चार-पाच पानं बघून सरासरी काढायची. बारा आणे हिरवं असेल तर निश्चिंत राहावं, नेहमीच्या झाडासारखं वागवावं, फक्त खत अर्धं. आठ आणे असेल तर खत अर्ध्याहून कमी, कुंडी एक माप लहान, आणि माती नीट सुकल्याखेरीज पाणी नाही. चार आणे किंवा त्याहून कमी हिरवं असलेलं रोप दुकानात सगळ्यात देखणं दिसतं आणि घरी सगळ्यात आधी जातं. ते घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

दुसरी गोष्ट अशी की सगळा कबरेपणा एका जातीचा नसतो. कॅलेथियाच्या पानावरची नक्षी तिच्या रक्तातच असते, ती प्रत्येक पानावर येणारच. लॉरेन्टी किंवा टिनेके यांच्यात मात्र एकाच झाडात हिरव्या आणि रंगहीन अशा दोन प्रकारच्या पेशी थराथराने शेजारी नांदत असतात. त्यांच्यातला तोल बिघडू शकतो. छाटणी आणि रोपं करणं दोन्ही यावर ठरतं, ते पुढे येईलच.

जागा ठरवताना सूर्य कुठून फिरतो ते बघा

या झाडांना सावली लागते हे अर्धंच खरं आहे. हिरवं कमी असल्यामुळे उजेड त्यांना साध्या भावंडांपेक्षा जास्तच हवा. पण पांढऱ्या भागाला थेट ऊन सोसत नाही, तो करपून कागदासारखा होतो. म्हणजे भरपूर उजेड आणि थेट ऊन नाही, अशी जागा शोधायची.

सकाळी अकराच्या सुमाराला पानापासून वीतभर वर हात धरा. सावलीच्या कडा धूसर दिसल्या तर जागा बरोबर. बोटं स्पष्ट मोजता आली तर ऊन जास्त आहे. सावलीच पडली नाही तर अंधार आहे, तिथे पानं हळूहळू जास्त हिरवी आणि लहान येतील.

आता कोल्हापूरची गंमत. आपण साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर तो ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो. उत्तरेची गॅलरी म्हणजे कायम सावली, या भरवशावर मी अग्लोनिमाच्या कुंड्या तिथे मांडल्या आणि मेमध्ये एका आठवड्यात पाच पानं भाजली. तेव्हापासून गुढीपाडवा झाला की मी उत्तरेच्या कुंड्या भिंतीकडे दोन फूट सरकवते आणि वर शेडनेट ताणते. साध्या झाडांना निम्मं ऊन अडवणारं, ५० टक्क्यांचं नेट चालतं, या कबऱ्यांना ७५ टक्क्यांचं लावा. पाऊस स्थिरावला की नेट काढून ठेवायचं. जुलैच्या ढगांत मुळातच उजेड कमी, त्यात नेट राहिलं तर झाड उपाशी पडतं.

दक्षिणेच्या गॅलरीचं याच्या उलट. उन्हाळ्यात तिथे ऊन आत येत नाही, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तिरपं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी. पश्चिमेला एप्रिलमध्ये चारनंतर जे ऊन लागतं त्यात कबरं पान ठेवूच नये.

वळवाच्या पावसाचीही आठवण ठेवा. एप्रिल-मेमध्ये गारा आल्या तर रुंद पानांच्या चिंध्या होतात आणि संथ झाडाला ते पान भरून काढायला महिने लागतात. आभाळ भरून आलं की कुंड्या छपराखाली.

माती

आपल्याकडे पंचगंगेच्या काठची काळी माती उसाला सोनं आहे, कुंडीला नाही. ती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते, आणि पावसाळ्यात मुळं त्यात घुसमटून कुजतात. पश्चिमेकडची तांबडी माती घ्या, नर्सरीत पोत्याने मिळते. माझं माप असं: दोन घमेली तांबडी माती, दोन घमेली कोकोपीट, एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं विटांचे किंवा जांभ्याचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि अर्धं घमेलं लोणारी कोळशाची भरड. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. स्नेक प्लांट आणि पेपेरोमियासाठी कोकोपीट एक घमेलं कमी आणि तुकडे एक घमेलं जास्त.

कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा ओतायचं. त्यात मीठ असतं आणि पांढऱ्या कडांना तेच आधी बाधतं. मिश्रण भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात खालून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचलं तर तुकडे वाढवा.

साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि बगॅस (उसाचं चिपाड) आपल्याकडे सहज मिळतात, म्हणून सांगते. ताजा प्रेसमड कुजताना तापतो आणि मुळं भाजतो. ताजा बगॅस कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो. दोन्ही नीट कुजून काळे, भुसभुशीत आणि वासहीन झाले असतील तरच, तेही गांडूळखताच्या जागी निम्मे वापरावेत.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटंच मोठी हवी. झाड मोठं होईल म्हणून आधीच मोठी कुंडी घेतली तर भोवतालची रिकामी माती ओलीच राहते, कारण ते पाणी प्यायला तेवढी पानं नसतात. मातीची कुंडी उत्तम. टिनेके दोन-तीन वर्षांनी, स्नेक प्लांट तर कुंडीच्या भिंती फुगवेपर्यंत बदलायचा नाही.

रोप घेणं आणि लावणं

रोप जून-जुलैत घ्यावं, मिरगाचा पाऊस होऊन हवा थंडावल्यावर. एप्रिलमध्ये घेतलेलं रोप नर्सरीच्या गारव्यातून निघून आपल्या गच्चीवर आलं की धक्का खातं. घेताना तीन गोष्टी बघा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही नको, ते पिठ्या ढेकूण असतात. कुंडीच्या भोकातून डोकावणारी मुळं पांढरी किंवा पिवळसर असावीत, तपकिरी आणि बुळबुळीत नसावीत. आणि टिनेकेसारख्या खोडाच्या झाडात खोडावरही फिक्या रंगाच्या रेघा हव्यात. पुढचं पान कसं येणार ते खोड सांगतं, आत्ताची पानं नव्हे. पिंक काँगो नावाचा गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन महागात विकतात. तो गुलाबीपणा औषध देऊन आणलेला असतो, काही महिन्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतात.

घरी आणल्यावर दोन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते. मग संध्याकाळी लावा. मुळांचा गोळा फोडायचा नाही, फक्त खालची गोल फिरलेली मुळं बोटांनी सैल करायची. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवायचं, खोल गाडायचं नाही. एकदा भरपूर पाणी, आणि पुढचे सहा आठवडे खताचं नावही काढायचं नाही.

शेवटच्या पानाच्या देठाला एक दोरा बांधा आणि वहीत तारीख लिहा. संथ झाड वाढतंय की नाही ते रोज बघून कळत नाही. दोऱ्याच्या वर तीन महिन्यांत किती पानं आली ते मोजलं की कळतं, आणि मग उगाच पाणी-खत ओतायचा मोह होत नाही.

पाणी

वाराने पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर घाला. कुंडी उचलून बघायची सवय लावली तर आणखी बरं, कोरडी कुंडी हाताला हलकी लागते. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये अग्लोनिमाला तिसऱ्या दिवशी, थंडीत आठ दिवसांनी पाणी लागतं. स्नेक प्लांटला उन्हाळ्यातही दहा-बारा दिवस आणि थंडीत तीन आठवडे. पावसाळ्यात छपराखालच्या कुंडीला कधी कधी पंधरा दिवस काहीच लागत नाही. कोल्हापुरात ही झाडं उन्हाळ्यात मरतात असं लोक समजतात. माझी बहुतेक झाडं जुलै-ऑगस्टात गेली, ओल्या मातीत आणि अंधारात.

पान मलूल दिसलं की आधी माती बघा, मग तांब्या उचला. ओल्या मातीत मलूल पान म्हणजे मुळं कुजत आहेत. तशा वेळी झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं स्वच्छ कात्रीने कापावीत, एक दिवस सावलीत सुकू द्यावं आणि नव्या कोरडसर मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावावं.

बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा. पावसाचं मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप ठेवून, झाकण घट्ट लावून साठवा. वर्षातून दोनदा कुंडीत तिच्या मापाच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

पानावर, विशेषतः अग्लोनिमाच्या मधल्या पोंग्यात, पाणी साचू देऊ नका. पावसाळ्यात पांढऱ्या भागावर आधी डाग पडतात. पानं ओल्या सुती फडक्याने पुसावीत, धूळ गेली की कमावत्या हिरव्याला उजेड मिळतो. चकाकीसाठी तेल किंवा दूध लावायची गरज नाही.

खत

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एवढंच. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधी माती ओली करून. आठ आण्यांच्या झाडाला अर्धा ग्रॅम. याखेरीज वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत. डिसेंबर-जानेवारीत झाडाला वाढायचं नसतं आणि मेमध्ये ते जीव धरून असतं, तेव्हा काही देऊ नका.

हिरवा फुटवा आला तर

कबऱ्या झाडाला मधेच एक पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती टवटवीत दिसते, भराभर वाढते आणि काढायला हात होत नाही. पण तिच्याकडे सोळा आणे कमाई असते. वर्षभरात ती बाकीच्यांच्या डोक्यावर जाते आणि कबरा भाग मागे पडून मरतो. दिसल्याबरोबर काढा. फांदीवरून खाली येत जा, शेवटचं कबरं पान जिथे आहे त्याच्या लगेच वर कापा. ब्लेड स्पिरिटने पुसलेलं हवं. टिनेकेचा चीक ओल्या फडक्याने टिपा. स्नेक प्लांटमध्ये हिरवं पान गड्ड्यापासून वेगळं निघत असेल तर त्याच्या गड्ड्यासकट सोडवून दुसरीकडे लावा, वाया घालवायचं कारण नाही.

उलटही होतं. सलग तीन पानं नुसती पांढरी आली तर ती फांदी बाकीच्यांच्या जिवावर जगते आहे. तीही मागे, अर्ध्या हिरव्या पानापर्यंत कापायची, आणि कुंडी जरा जास्त उजेडात ठेवायची. हे काम फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये करा.

कीड

उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी दिसली आणि पान धुळकट, फिकट झालं तर लाल कोळी. नळीने पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने तीनदा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, चमचाभर साबणाच्या पाण्यात मिसळून फवारता येतं, पण संध्याकाळीच, आणि आधी एका पानावर दोन दिवस बघून. तेल लागलेल्या पांढऱ्या पानावर ऊन पडलं की ते भाजतं.

होस्टाचा जगभरचा शत्रू गोगलगाय, आणि आपल्या बोळातही पावसाळ्यात तीच. इथे कोल्हापूरचा गूळ कामी येतो. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी कुंड्यांच्या मधे अंथरा. सकाळी उलटलं की गोगलगायी खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीजवळ टाकू नका, माती बिघडते. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात गोणपाट अंथरलं तर फरक चांगला पडतो.

नवी रोपं करताना

स्नेक प्लांटचं पान कापून मातीत खोचलं की मूळ धरतं, हे खरं. पण लॉरेन्टीचं पान खोचलं तर नवं रोप पिवळ्या काठाशिवाय, साधं हिरवं येतं, कारण ते पानाच्या आतल्या पेशींतून नव्याने घडतं. काठ हवा असेल तर गड्डा फोडूनच रोप करायचं. पेपेरोमियाचंही तसंच. पान नको, शेंड्याची दोन-तीन पेरांची काडी लावा. अग्लोनिमाला बुंध्याशी पिल्लं येतात. त्यांना स्वतःची तीन-चार पानं आणि मुळं दिसली की जूनमध्ये वेगळी करा.

टिनेकेला गुटी बांधायची. जुलैत, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर, बोटभर रुंदीची साल गोल काढायची, चीक पुसायचा, ओलं मॉस किंवा कोकोपीट बांधून वर प्लास्टिक घट्ट आवळायचं. फांदी अशी निवडा की जिच्या खोडावर दुधी रेघा स्पष्ट आहेत. साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात, तेव्हा खालून कापून लहान कुंडीत लावा आणि महिनाभर बोळातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

लॉरेन्टीचा गड्डा फोडताना प्रत्येक तुकड्याला निदान दोन पानं आणि थोडी मुळं राहू द्या. कापलेल्या जागी कोळशाची पूड किंवा हळद लावून तीन दिवस सावलीत सुकवा. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. पहिला नवा कोंब यायला माझ्याकडे कधी तीन महिने लागले, कधी पाच. तोपर्यंत ती कुंडी उकरून बघू नका.